टाचेशी बिघडलेला मोजा

मोजा तिने आधी ओळखला. तो तिथे काय करतोय हा प्रश्न तिला नंतर पडला. बसडेपोच्या वर्कशॉपमध्ये मधल्या खांबावर, माणसाच्या डोक्याच्या जरा वर, हवेतला विषारी धूर मोजणारा सेन्सर असतो. दिसायला अगदी गरीब, पांढरा, साबणाच्या डबीएवढा. धूर वाढला की त्याने छताजवळच्या पंख्यांना सांगायचं आणि पंख्यांनी हवा बाहेर फेकायची, एवढंच त्याचं काम. त्या डबीवर आज एक हिरवा लोकरी मोजा चढवलेला होता, पार खालपर्यंत ओढून, लहान मुलाला टोपडं घालावं तसा. मोज्याची टाच मरून लोकरीची होती आणि टाचेत एक वाकडा फुगवटा होता. असा फुगवटा जगात फक्त तिच्याच सुयांवर येत असे. टाच तिला कधीच जमली नाही. आई म्हणायची, हिचे मोजे घालायचे तर आधी पायाला वळण लावावं लागेल. धाकटा भाऊ मात्र तेच मोजे घालायचा, फुगवटा घोट्यावर आला तरी घालायचा, आणि धुवायला काढून द्यायची वेळ आली की कुरकुर करायचा.

शेजारी फोरमन उभा होता. ती आज न कळवता आली होती. वर्कशॉपची मोठी शटर्स बसगाड्या आत घेताना किती वेळ उघडी राहतात ते तिला स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं होतं, दुपारच्या बैठकीत कुणी विचारलंच तर उत्तर असावं म्हणून. एरवी ती कळवून यायची, आणि एरवी त्या खांबावर मोजा नसायचा. फोरमनची नजर तिच्या नजरेमागोमाग वर गेली आणि तशीच खाली आली. धूळ बसू नये म्हणून घातलंय, असं तो म्हणाला. बरं, असं ती म्हणाली. आपण बरं का म्हणालो ते तिला कळलं नाही. साहेबलोकांत वावरून जिभेला ही एक सवय लागली होती. पटलं तरी बरं, न पटलं तरी बरं, आणि पोटात खड्डा पडला तरी बरंच.

खड्ड्यात, म्हणजे बसच्या पोटाखाली उभं राहून काम करायचा जो लांबट खड्डा असतो त्यात, तिला मफलरचं टोक दिसलं. डेपोत तिच्या धाकट्या भावाला मफलरच म्हणत. उन्हाळ्यातसुद्धा त्याच्या गळ्यात मफलर असायचा, त्यामुळे हे नाव पडलं, आणि त्याचं खरं नाव बहुधा फक्त हजेरी घेणाऱ्याला आठवत असावं. त्याने तिला पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं. हे त्यांचं ठरलेलं होतं. तिला या डेपोचं काम मिळालं तेव्हा तो तिच्या घरी येऊन बजावून गेला होता, की तिथे ओळख दाखवू नकोस, नाहीतर लोक मला मॅडमचा भाऊ म्हणतील आणि माझं चहाच्या टेबलावरचं स्थान जाईल. तिला हसू आलं होतं. पण त्याचं खरं होतं. चहाच्या टेबलावर स्थान मिळावं अशी ही त्याची पहिलीच नोकरी. आधीच्या सगळ्या त्याने सोडल्या होत्या, नाहीतर त्या नोकऱ्यांनी त्याला सोडलं होतं. कुठे भांडण, कुठे कंटाळा, कुठे नुसतंच सकाळी उठवलं नाही म्हणून. इथे मात्र तो टिकला. इथल्या बसगाड्यांबद्दल तो असा बोलायचा की जणू त्या चुलत बहिणी आहेत, एक रडकी, एक नाटकी, एक दिसायला बरी पण आतून किडलेली. आणि सेन्सरच्या बरोब्बर खाली, त्याच खांबावर, लाल अक्षरांत पाटी होती की सुरक्षा उपकरणांना हात लावणाऱ्यास तात्काळ कामावरून काढून टाकण्यात येईल. पाटीवर तेलकट बोटांचे ठसे होते. म्हणजे मोजा चढवताना कुणीतरी आधारासाठी पाटीवरच हात टेकला होता.

मग तिला ते दुसरं कळलं, आणि तिच्या कानांत दडे बसल्यासारखं झालं. तिचं काम म्हणजे एखादी इमारत कॉम्प्युटरमध्ये पुन्हा उभी करायची. भिंती, छत, दारं, हिटर, पंखे, सगळं जसंच्या तसं, आणि मग त्या इमारतीतून सबंध हिवाळा सोडायचा आणि बघायचं, किती ऊब लागते आणि ती कुठून निसटते. ऑफिसात तिला सगळे हवामान खातं म्हणत. डेपोचं मॉडेल करताना तिला फार मजा आली होती. घरात माणसं राहतात. इथे बसगाड्या राहतात, आणि प्रत्येक बस म्हणजे बाहेरून उचलून आणलेली टनावारी थंडी. रात्रभर रस्त्यावर गोठलेलं लोखंड आत येतं, चाकांना चिकटलेला बर्फ विरघळतो, आणि ते लोखंड तासन्‌तास मुकाट्याने खोलीतली ऊब पीत बसतं. तिने प्रत्येक बसची तहान मोजली होती. माणसांचीही ऊब धरावी लागते. उभं राहून काम करणारा माणूस म्हणजे साधारण दोन जुने बल्ब. त्या बल्बांमध्ये दोन धाकट्याचे होते, हे तिला टाईप करताना गमतीचं वाटलं होतं, आणि तिने ते कुणाला सांगितलं नव्हतं. एवढं सगळं करूनही मॉडेल आणि डेपोचा गॅसमीटर जुळेना. मॉडेल म्हणे, एवढे पंखे चालले तर एवढी गरम हवा बाहेर जाणार, एवढी थंड आत येणार, तर गॅस भरपूर जळायला हवा. मीटर म्हणे, जळलेला नाही. अशा वेळी त्यांच्या धंद्यात जुळवणी करतात. मीटर खरा मानायचा आणि मॉडेलमधली जी गोष्ट कुणी मोजलेली नाही ती हलक्या हाताने कमी करत न्यायची. पंख्यांचे तास कुणी मोजलेले नव्हते. तिने ते कमी केले, मग आणखी कमी केले, आणि एका संध्याकाळी दोन रेषा एकमेकींवर अशा बसल्या की तिला खुर्चीतून उठून दोन फेऱ्या माराव्या लागल्या. तिने अहवालात लिहिलं, या वर्कशॉपची हवा गृहीत धरली होती त्यापेक्षा बरीच स्वच्छ आहे, पंख्यांना क्वचितच चालावं लागतं. त्या वाक्यावर तिचं कौतुक झालं. त्याच वाक्यावर शेजारच्या मोकळ्या जागेत उभ्या राहणाऱ्या नव्या इमारतीचे पंखे ठरणार होते, मोठे होते त्यांच्या जागी छोटे, आणि कमी. ते आज दुपारी ठरायचं होतं. आणि हवा स्वच्छ नव्हती. हवा मोजणाऱ्याच्या डोक्यावर तिनेच विणलेला मोजा होता.

तिकडे एक शटर अर्ध्यात अडकलं आणि फोरमन शिव्या घालत धावला. ती खांबापाशी एकटी राहिली. धुराचा वास आता तिला येत नव्हता. आल्या आल्या आला होता, पण नाक फार लवकर शरण जातं. कपाळाच्या आत, भुवयांच्या मधोमध, काहीतरी हळूच दाबत होतं. ते दुखणं तिच्या ओळखीचं होतं. लहानपणी त्या दोघांना वाटायचं की हिवाळा म्हणजेच डोकेदुखी. जशी आंबट फळांनी दातांना कळ येते तशी थंडीने डोक्याला येते, असा त्यांचा समज होता. आई कामावर जाताना खिडकीच्या, दाराच्या सगळ्या फटींत चिंध्या कोंबून जायची, मधोमध कोळशाची शेगडी, आणि ती दोघं एका पांघरुणात. धाकटा म्हणायचा, ताई, थंडी वाजते गं. ती उठून आणखी एक चिंधी शोधून कोंबायची. सकाळी दोघांची डोकी ठणकत. आई डोक्याला तेल चोळायची आणि म्हणायची, हिवाळा आहे, चालायचंच. हे काय होतं ते तिला कॉलेजच्या पहिल्या वर्षी वर्गात बसल्या बसल्या कळलं, फळ्यावर मास्तर कोंडलेल्या हवेत जळणाऱ्या कोळशाचं, त्यातून सुटणाऱ्या विषारी वायूचं समीकरण लिहीत असताना. ती वर्गातून उठून आली होती. त्याच सुट्टीत तिने गवंडी बोलावून आईच्या खोलीच्या भिंतीत, छताखाली, एक झरोका पाडून घेतला. घराला भोक पाडायला इंजिनिअर झालीस का, असं आई महिनाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत होती. पुढे तिने आईला गॅसचा हिटरही नेऊन दिला. त्यावर आईने विणलेलं कव्हर घातलं आणि वर फुलदाणी ठेवली. कोळशाची ऊब अंगाला लागते, गॅसची लागत नाही, हे आईचं मत. त्यापुढे सगळं भौतिकशास्त्र गार.

तिने टाचा उंचावून मोजा ओढून काढला. तो ऊबदार होता, पायातून नुकता काढल्यासारखा, कारण सेन्सरची डबी आतून थोडी तापते. मोजा पर्समध्ये कोंबून ती दोन पावलं मागे सरली. काही वेळ काहीच झालं नाही. मग छताशी घरघर सुरू झाली, एक पंखा, दुसरा, मग सगळे, आणि शटरखालच्या फटीतून थंडी आत शिरली, जमिनीलगत, सरपटत. थंडी जड असते. ती आधी खड्ड्यात उतरते. हिटर वर छताला टांगलेले होते आणि त्यांची ऊब पंख्यांनी पहिल्या फटक्यात बाहेर ओढून नेली. तिच्या मॉडेलमध्ये एवढ्या मोठ्या खोलीला तापमान एकच होतं, खड्ड्यापासून छतापर्यंत एकच आकडा. खड्ड्यातून कुणीतरी आईवरून शिवी हासडली. कुणाच्या तरी हातून पाना पडला. धाकट्याने मान वर केली, खांबाकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि यावेळी त्याने पाहिलं नाही असं केलं नाही. त्याच्या ओठांना निळसर कड होती. ती थंडीची की रोजचीच, हे तिला ठरवता येईना, कारण इतके महिने तिने त्याच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलंच नव्हतं. आठवड्यातून एकदा तो जेवायला यायचा, ताट बाजूला सारून डोकं टेबलावर टेकायचा आणि म्हणायचा, हिवाळा आहे ताई. ती त्याला गोळी द्यायची.

बैठकीपर्यंतचा वेळ तिने डेपोच्या बाहेर, फुटपाथवर फेऱ्या मारत काढला. सगळ्यात सोपं म्हणजे काही न बोलणं. मोजा काढलाय, आता धाकट्याला रात्री दम भरायचा, झालं. पण तो उद्या दुसरा चढवील, तो नाहीतर दुसरा कुणी, कारण खड्ड्यात उभं राहायचंच होतं. आणि नव्या इमारतीत तर मोजाही लागणार नव्हता. तिथे पंखेच एवढेसे असतील की ते चालले काय नि न चालले काय. तिथे पुढची तीस-चाळीस वर्षं माणसं हिवाळ्याला डोकेदुखी म्हणतील. त्यांच्यात धाकटा असेल. मग दुसरा मार्ग, की चूक माझी आहे म्हणून सांगायचं, जुळवणी करताना आकडा चुकला, पंखे वाढवा. हे तिला जमण्यासारखं होतं. नाक कापलं जाईल, पण नाक तिचं. यात भावाचं नाव यायचं कारण नव्हतं. या विचाराने तिला इतकं हायसं वाटलं की ती दारातल्या पहारेकऱ्याकडे पाहून उगाच हसली.

मोठे साहेब, म्हणजे डेपोचे मुख्य अभियंते, सज्जन माणूस. तिचा स्वतःचा साहेब त्यांच्या शेजारी फाइल उघडून बसला होता आणि फोरमन कोपऱ्यात, टोपी मांडीवर. तिने सांगितलं की पंख्यांचा आकडा चुकलाय, नव्या इमारतीला मूळचेच पंखे हवेत. तिच्या साहेबाने तिच्याकडे असं पाहिलं की जणू ती वरातीत रडायला लागली आहे. मोठ्या साहेबांनी शांतपणे विचारलं की चूक कशी, मॉडेल तर मीटरशी तंतोतंत जुळतंय. ती म्हणाली की जुळतंय, पण चुकीच्या कारणाने जुळतंय. बरोबर कारण काय, असं त्यांनी विचारलं. ती बोलत राहिली. सावधगिरी, वायुवीजनाचे नियम, गाड्या वाढल्या तर, हवा बदलली तर. तिचा आवाज तिलाच पातळ वाटत होता. मोठ्या साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, मॅडम, मोजलेला आकडा एका बाजूला आणि तुमची आजची काळजी दुसऱ्या बाजूला; तुम्हीच सांगा मी वर काय दाखवू. त्यांनी पेनाचं टोपण काढलं. त्या टोपणाचा टक् असा आवाज झाला. तो आवाज तिला पुढे कित्येक दिवस कुठेही ऐकू येणार होता, डब्याचं झाकण उघडताना, दाराची कडी काढताना. तिने पर्स उघडली आणि मोजा टेबलावर ठेवला.

"हा सेन्सरवर चढवलेला होता," ती म्हणाली. "पंखे चालत नाहीत कारण सेन्सरला काही कळूच देत नाहीत. गॅस त्यामुळे वाचतो."

 टेबलाच्या काचेवर तो मोजा फार लहान दिसत होता, टाचेचा फुगवटा वर करून पडलेला. कुणाचा आहे, असं मोठ्या साहेबांनी विचारलं. तिला वाटलं, निभावलं. एका मोज्याला नाव थोडंच असतं. दहा-वीस माणसं खाली काम करतात, पाय सगळ्यांना आहेत. ती म्हणणार होती की ठाऊक नाही, तोंड उघडलंही होतं. पण फोरमनला आपली धुळीची थाप आठवली असावी, आणि मॅडम आता तेही सांगतील असं वाटलं असावं. तो टोपी फिरवत उठला.

"मफलरचा आहे, साहेब," तो म्हणाला. "त्याच्या ताईनं विणलाय. येईल त्याला दाखवत असतो."

त्याने हे वाईट हेतूने सांगितलं नाही. सांगताना तो किंचित हसलासुद्धा. मीच ती ताई, असं म्हणायला तिला एक क्षण मिळाला होता, चांगला लांबलचक क्षण, आणि त्या क्षणात तिने टेबलाच्या काचेखाली ठेवलेल्या कॅलेंडरकडे पाहिलं. मग मोठ्या साहेबांनी मोजा उचलून एका पाकिटात घातला, पाकिटावर तारीख घातली आणि ते पुरावा म्हणून कपाटात ठेवायला सांगितलं. नव्या इमारतीचे पंखे मूळचेच राहिले. खड्ड्यात पायाशी ऊब देणारे हिटर बसवा हे तिने सुचवलं, तेही लिहून घेतलं गेलं. परत येताना तिच्या साहेबाने गाडीत तिची पाठ थोपटली. नशीब काढलंस, असं तो म्हणाला, आणि ती खिडकीच्या काचेला कपाळ लावून बसली.

त्या संध्याकाळी धाकटा आला तो आत आलाच नाही, दारातच उभा राहिला. त्याने भांडावं, आदळआपट करावी असं तिला फार वाटत होतं. लहानपणी तो चिडला की पांघरूण एकट्याकडे ओढून घ्यायचा, आणि मग तिला थंडी वाजते हे पाहून चिडतच अर्धं परत टाकायचा. आता त्याच्याकडे परत टाकण्यासारखं काही नव्हतं. तूच काढलास ना, असं त्याने विचारलं. ती हो म्हणाली. मला सांगायचंस, मी काढला असता, तो म्हणाला. काढला असतास, असं तिने विचारलं. तो बुटाच्या टोकाने उंबरा घासत राहिला.

"नाही," तो म्हणाला. "खाली बोटं वळत नाहीत ताई. सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं. मोजा तेवढा माझा."

तिने त्याला समजावलं. म्हणजे तिने शब्द वापरले. विष, रक्त, फुप्फुसं, जीव. तू झोपेत गेला असतास रे, असंही म्हणाली. तो ऐकत होता, पण समोरचा माणूस बोलायचा थांबला की निघायचं, अशा बेताने ऐकत होता. जाताना म्हणाला की सगळ्यांना आता कळलंय तू कोण आहेस ते. कामावरून काढलं ते त्याला एकट्याला, बाकी कुणाचं नाव आलं नाही, आणि तेवढ्यासाठी चहाच्या टेबलावर सगळ्यांनी उठून त्याचा हात हातात घेतला. जिन्यावरून उतरताना त्याच्या एका पायाचा आवाज वेगळा येत होता. बुटात पाय खुळखुळत असावा.

मग बरेच दिवस नुसते गेले. ती ऑफिसात जायची, स्क्रीनवर दुसऱ्या कुठल्या गोदामाच्या भिंती उभ्या करायची, आणि माणसांचा रकाना आला की तिचा हात थबकायचा. रात्री अंथरुणात ती स्वतःशी वाद घालायची. मी बरोबर केलं. मग मी बरोबर केलं तर मला असं का होतंय, की कुणीतरी छातीवर ओलं पोतं ठेवलंय. तिने तो प्रसंग पुन्हा पुन्हा चालवून पाहिला, मॉडेल चालवतात तसा, एकेक गोष्ट बदलून. मोजा पर्समध्ये ठेवला नसता तर. आधी त्याला खाणाखुणा केल्या असत्या तर. फोरमन आजारी असता तर. प्रत्येक वेळी शेवटी एकच उत्तर यायचं, की धाकटा एक तर घरी बसलेला किंवा खड्ड्यात झोपलेला. तिसरं उत्तर त्या मॉडेलमध्ये नव्हतं. तो जिवंत आहे, असं ती मोठ्याने म्हणायची, भिंतीला उद्देशून, आणि भिंत ते ऐकून घ्यायची.

धाकटा आईकडेच राहायचा; आईला फोन ती रोज करायची, पण तो बोलायला येत नसे. झोपलाय, असं आई सांगायची. रविवारी दुपारी आईच खुशीत होती. म्हणाली, तू उगाच काळजी करतेस, पोरगं घरी राहिल्यापासून माझी चैन आहे. शेगडी विझू देत नाही दिवसभर. घरातली सगळी भगदाडं बुजवली त्याने, ते तुझं वरचंसुद्धा, इतक्या वर्षांनी वारा बंद झाला बघ. आम्ही दोघं नुसती झोपून असतो, अस्वलासारखी. आईचा आवाज जाड येत होता, शब्द एकमेकांना टेकून उभे असल्यासारखे.

"डोकं तेवढं दुखतंय," आई म्हणाली. "हिवाळा आहे, चालायचंच."

खिडकी उघड, असं ती ओरडली. आई, आत्ताच्या आत्ता ऊठ आणि खिडकी उघड. हो उघडते की, आई म्हणाली, आणि फोन कुठेतरी मऊ जागी पडल्याचा आवाज आला. मग शेगडीत कोळसा फुटल्यासारखं काहीतरी चटचटलं आणि पुढे काही नाही.

ती घरातल्या सपाता घालूनच पळत सुटली. रस्त्याला टॅक्सी मिळाली की तिने कुणाची अडवली, हे तिला नंतर आठवलं नाही. वाटेत तिचं डोकं आपोआप हिशेब करत होतं आणि तिला ते थांबवता येत नव्हतं. खोली एवढी, छत एवढं उंच, शेगडी एवढी, दोन माणसं. बसून असलेली, म्हणून ऊब कमी धरायची. झोपलेली, म्हणून आणखी कमी. फटी नाहीत. हवा बदलण्याचा रकाना शून्य. आयुष्यात कधी कुठल्याही खोलीला तिने तिथे शून्य लिहिलं नव्हतं; कॉम्प्युटर तसं लिहू देत नाही, लाल अक्षरांत विचारतो, नक्की का. पंखे, मोजा, बैठक, सगळं करून तिने त्याला एका खड्ड्यातून काढलं होतं आणि उचलून या खोलीत आणून ठेवलं होतं. ती काच खाली करून तोंड बाहेर काढून बसली. ड्रायव्हर म्हणाला, थंडी येते हो. तिने काच वर केली नाही.

दाराला आतून कडी नव्हती, ही एक गोष्ट बरी झाली. दार मात्र चिंध्यांनी घट्ट बसलं होतं. तिने खांद्याने तीनदा धडक दिली तेव्हा ते ढिलं झालं. आतली ऊब अंगावर आली, गोड, जुनी, लहानपणची ऊब, आणि तिच्या मनात क्षणभर आलं की आत जाऊन दार लावून घ्यावं. आई खुर्चीत होती, गाल गुलाबी, बारशाला निघाल्यासारखे. धाकटा पलंगावर भिंतीकडे तोंड करून. तिने आधी खिडकी उघडली. खिडकी उघडेना, फुगली होती, मग फुलदाणी मारून काच फोडली. शेगडी उचलून गॅलरीत फेकली तेव्हा हात भाजला हे तिला उशिरा कळलं. आईला तिने काखेत हात घालून ओढत खिडकीशी आणलं आणि गालावर चापट मारली, एक, मग आणखी एक, मग जोरात. आईने डोळे न उघडता एक जुनी शिवी दिली. ती शिवी ऐकून ती रडायला लागली. मग धाकट्याला ओढलं. तो जड होता, आणि मफलर तिच्या हातात अडकत होता. खिडकीखाली आणून बसवल्यावर तो ओकला, आणि ओकून झाल्यावर श्वास घेऊ लागला, मोठमोठे, आवाज करत.

शेजारी जमले, कुणीतरी ॲम्ब्युलन्सला फोन लावला. ती स्टूल घेऊन झरोक्यापाशी चढली. झरोक्यात कोंबलेलं ते हाताला लागायच्या आधीच तिला माहीत होतं. हिरवी लोकर, मरून टाच. जोडीतला दुसरा. तिने तो उपटून काढला आणि भोकातून बाहेरच्या हवेचा एक सरळ झोत तिच्या तोंडावर आला.

खाली येऊन ती फुटलेल्या खिडकीखाली, काचा बाजूला सारून, धाकट्याच्या समोर जमिनीवर बसली. आई पलीकडे शेजारणीच्या मांडीवर डोकं ठेवून बडबडत होती, कोण मेलं खिडकी उघडी टाकून गेलं म्हणून. धाकटा थरथरत होता. दोन्ही पाय उघडे, बोटं पांढरी. त्याने तिच्याकडे पाहिलं, पण नीट ओळखीचं नाही, फार मागून कुठूनतरी पाहिलं.

"ताई, थंडी वाजते गं," तो म्हणाला.

तिने खिडकीला काही लावलं नाही. त्याचा उजवा पाय मांडीवर घेतला आणि मोजा चढवला, नेहमीसारखा टाचेशी अडकला, तो सावकाश ओढून नीट केला. तो आपल्या पायाकडे बघत होता. मग त्याने दुसरा पायही पुढे केला, लहानपणी करायचा तसा, सवयीने, आणि वाट बघू लागला.

"आणि याचा?" त्याने विचारलं.

जिन्यावर ॲम्ब्युलन्सच्या माणसांचे बूट वाजू लागले होते. तिने तो उघडा पाय दोन्ही हातांत धरला, भाजलेल्याही, आणि धरून बसली.